जयपुराहून लिस्बनला

जयपूरच्या सांगानेर विमानतळापासून पोर्तुगालची राजधानी लिस्बन हिच्या विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ७,७७० किलोमीटर भरते. आणि आज एखादा प्रवासी सकाळी जयपूर सोडून, वाटेत दुबईस विमान बदलून पुढे गेला, तर चौदा-पंधरा तासांनी तो लिस्बनच्या भूमीवर पाऊल ठेवतो. या दोन आकड्यांपैकी पहिला भूमितीचा आहे. पृथ्वीचा आकार आणि तिच्या पाठीवरील दोन स्थाने निश्चित झाली की तो आपोआप निश्चित होतो, आणि मग कोणत्याही राजाचा हुकूम किंवा कोणत्याही कंपनीचे वेळापत्रक त्यात तसूभर फरक करू शकत नाही. दुसरा आकडा मात्र वारा, ऋतू, राष्ट्राराष्ट्रांतील सलोखा व वैर, धावपट्टीवरील उष्मा आणि घड्याळे लावण्याची मानवी रीत या सर्वांनी मिळून घडविलेला असतो. ‘किती लांब?’ आणि ‘किती वेळ?’ हे प्रश्न आपण एका दमात विचारतो. परंतु त्यांची उत्तरे दोन निराळ्या दफ्तरांतून येतात, आणि ती दोन्ही दफ्तरे नीट चाळून पाहावयाची असतील तर त्यासाठी जयपूरइतके योग्य ठिकाण सबंध हिंदुस्थानात दुसरे नाही, असे माझे मत आहे.

त्याचे कारण ऐतिहासिक आहे. आंबेरचे अधिपती सवाई जयसिंह यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूर नगराचा पाया घातला, आणि त्याच वर्षी आग्र्याच्या जेझुइट ठाण्याचे प्रमुख फादर मानुएल द फिगेरेदो यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी एक शिष्टमंडळ पोर्तुगालकडे रवाना केले. त्या काळी राजेलोक परमुलखात वकील पाठवीत ते तोफांसाठी, घोड्यांसाठी, व्यापाराच्या परवान्यांसाठी, नाहीतर शत्रूविरुद्ध कुमक मिळावी म्हणून. जयसिंहांच्या या मंडळीवर सोपविलेली कामगिरी मात्र अशी होती की, युरोपात ग्रहगणिताची कोणती कोष्टके व कोणती यंत्रे प्रचारात आहेत ते पाहावे आणि त्यांतील उत्तम ते घेऊन यावे. पोर्तुगालला जाण्याचा तेव्हाचा राजमार्ग गोव्याच्या बंदरातून निघे, तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून अटलांटिकात शिरे. मोसमी वाऱ्यांनी जहाज सोडण्याचे दिवस ठरवून दिलेले असत, आणि ते दिवस चुकले तर बंदरात महिनोन्‌महिने मुक्काम करून राहण्यावाचून गत्यंतर नसे. मंडळी १७२९ च्या प्रारंभी लिस्बनास पोहोचली, पाचव्या जुआंव राजाच्या दरबारी तिचे स्वागत झाले, आणि १७३० च्या सुमारास पेद्रो द सिल्वा या ज्योतिर्विद वैद्यास व फ्रेंच ज्योतिषी ला हिर याच्या ग्रहकोष्टकांस घेऊन ती परत आली.

गोवा ते लिस्बन हा केपवरून जाणारा सागरी मार्ग अठरा-वीस हजार किलोमीटरांच्या घरात जातो. म्हणजे भूमितीने ज्या दोन नगरांमध्ये पावणेआठ हजार किलोमीटरांचे अंतर ठेवले होते, त्यांच्यातील चाललेली वाट त्याच्या अडीच पटींहून कमी नव्हती, आणि तिला लागलेला काळ वर्षाच्या मापाने मोजावा लागतो. बरोबर दोनशे वर्षांनी, ३० मार्च १९२९ रोजी, इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची अशी हवाई टपालाची व उतारूंची सेवा सुरू केली, तेव्हा थोडी मजल आगगाडीने, थोडी समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने व उरलेली जमिनीवरून उडणाऱ्या विमानाने अशी करीत सात दिवस लागत, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती सेवा जोधपूरमार्गे दिल्लीपर्यंत आली तेव्हा राजपुतान्याचे आकाश प्रथमच युरोपच्या वेळापत्रकाशी जोडले गेले. वर्ष, सप्ताह, दिवसाचा काही भाग असा काळाचा संकोच होत गेला. अंतर मात्र जयसिंहांच्या वेळी होते तेवढेच आजही आहे.

हे अंतर काढावयाचे कसे? वाचकाजवळ पृथ्वीचा गोल असेल तर जयपुरावर एक बोट ठेवून तेथून लिस्बनपर्यंत दोरा ताणून पाहावा. भिंतीवरच्या नकाशात लिस्बन जयपूरच्या पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे कललेले दिसते, म्हणून आपली अपेक्षा अशी की दोराही तसाच, समान दिशेने, हळूहळू वर चढत जाईल. परंतु ताणलेला दोरा तसे करीत नाही. तो जयपुराहून निघतानाच चांगलाच वायव्येकडे झुकतो, मुलतानजवळून जाऊन कंदाहारच्या उत्तरेने हेरातकडे सरकतो, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग ओलांडून आरारात पर्वताच्या माथ्यावरून काळ्या समुद्राकडे वळतो, बाल्कन द्वीपकल्पात मॉन्टेनिग्रोच्या आसपास ४२ अंशांहून थोड्या अधिक अक्षांशापर्यंत, म्हणजे जयपूर व लिस्बन या दोहोंच्याही उत्तरेस, पोहोचतो, आणि तेथून उतरणीला लागून रोमच्या थोडे उत्तरेने, कॉर्सिका बेटावरून, बार्सिलोना व माद्रिद यांना उजव्या हाताला ठेवून लिस्बनास येतो. नकाशावर हा मार्ग धनुष्यासारखा वाकलेला दिसत असला तरी गोलावर याहून आखूड मार्ग अस्तित्वातच नाही. होकायंत्राची एकच दिशा धरून निघालो असतो तर सुमारे ८,०२० किलोमीटर चालावे लागले असते. दोऱ्याने अडीचशे किलोमीटर वाचविले.

ज्या वर्तुळाची पातळी गोलाच्या मध्यबिंदूतून जाते त्याला महावृत्त म्हणतात, आणि गोलावरील कोणत्याही दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग त्यांना सांधणाऱ्या महावृत्ताचा लहान खंड असतो. जयपूर, लिस्बन आणि उत्तर ध्रुव असे तीन बिंदू घेतले की महावृत्तांच्या तीन खंडांनी बनलेला एक गोलीय त्रिकोण तयार होतो. त्याची जयपूर-ध्रुव ही बाजू ६३ अंश ११ कला, कारण सांगानेरच्या विमानतळाचे अक्षांश २६ अंश ४९ कला आहेत. लिस्बन-ध्रुव ही बाजू ५१ अंश १४ कला. आणि ध्रुवाशी होणारा कोन म्हणजे दोन स्थानांच्या रेखांशांतील फरक, जो ८४ अंश ५७ कला भरतो. दोन बाजू आणि त्यांमधील कोन हाती आल्यावर तिसरी बाजू काढणे हे गोलीय त्रिकोणमितीचे नित्याचे काम आहे. ती ६९ अंश ५३ कला येते, आणि पृथ्वीच्या पाठीवर एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर पडत असल्याने गुणाकार करून ७,७७० हा आकडा मिळतो. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे हे लक्षात घेऊन सूक्ष्म गणित केले तर त्यात दहा-पंधरा किलोमीटरांची भर पडते, इतकेच. नाविक आणि वैमानिक हे अंतर अजूनही सागरी मैलांत मोजतात, आणि त्यांचे ते माप मला फार समर्पक वाटते. कारण पृथ्वीच्या मध्यापासून पाहिले असता एक कला कोन जेवढे अंतर व्यापतो तेवढाच सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. आकाशातील कोन आणि जमिनीवरील वाट यांचा संबंध त्या मापातच गोवलेला आहे.

आता हे गणित जयपुरास परके नाही, हे सांगताना मराठी मनास विशेष समाधान वाटावे असा एक दुवा आहे. जयसिंहांच्या दरबारातील ज्योतिषांचे अग्रणी सम्राट जगन्नाथ हे मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण, असे परंपरा सांगते. युक्लिडची भूमिती नसीरुद्दीन तूसी याच्या अरबी संस्करणावरून त्यांनी ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली, आणि टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा महाग्रंथ ‘सिद्धान्तसम्राट’ या रूपाने. त्याच दरबारातील नयनसुखोपाध्याय यांनी थिओडोशियस या ग्रीक गणितज्ञाचा गोलांवरील ग्रंथ संस्कृतात उतरविला. त्या ग्रंथाचा विषयच गोल, त्यावरील महावृत्ते व लघुवृत्ते आणि त्यांचे परस्परछेद हा आहे. पुढे ‘रेखागणित’ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले, आणि त्याआधी, १८९६ साली, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात जयसिंह व जगन्नाथ यांच्या कार्याची नोंद घेतली. ग्रीसमध्ये जन्मलेले, अरबी पंडितांनी जतन केलेले आणि एका दाक्षिणात्य ब्राह्मणाने आंबेरच्या छायेत बसून संस्कृतात मांडलेले हे शास्त्र. आज विमानकंपनीच्या कचेरीतील संगणक मार्ग आखतो तो त्याच्याच सिद्धान्तांवर, आणि आपल्या प्रांतातून गेलेल्या विद्वानांची आठवण आपण याहून अधिक अगत्याने ठेवावयास हवी होती, असे मला मनापासून वाटते.

त्रिकोणाच्या दोन बाजू, म्हणजे अक्षांश, काढणे त्या मानाने सोपे. ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसतो ते मोजले की झाले. अवघड तो कोन, म्हणजे रेखांशांतील फरक. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने रेखांशांचा फरक हा वेळेचाच फरक होय. आणि एकाच क्षणी जयपुरात किती वाजले व लिस्बनात किती वाजले हे ज्याला कळले त्याला ते अंतर कळले. तारायंत्राच्या आधी ‘एकाच क्षणी’ हे दोन ठिकाणच्या माणसांनी ठरवावे कसे, हाच मोठा पेच होता. आपल्या प्राचीन ज्योतिषांनी त्यासाठी चंद्रग्रहणाचा उपयोग केला, कारण ग्रहण पृथ्वीवर सर्वत्र एकाच क्षणी लागते. उज्जयिनीची मध्यरेखा शून्य धरावी, ग्रहण तेथे केव्हा दिसावे ते गणिताने काढावे, आपल्या गावी केव्हा दिसले ते घटिकायंत्राने पाहावे, आणि फरकावरून देशांतर, म्हणजे रेखांशांतील फरक, ठरवावे. येथे एक सुंदर योगायोग सांगण्याजोगा आहे. जयपूर उज्जयिनीच्या जवळजवळ नेमके उत्तरेस आहे; दोहोंच्या रेखांशांत फरक इतका थोडा की सूर्य दोन्ही नगरांच्या मध्यान्हरेषेवर पाव मिनिटाच्या आत येतो. सिद्धान्तग्रंथांची शून्यरेषा जयसिंहांच्या नव्या राजधानीतून जात होती असे म्हटले तरी चालेल.

ती वेळ मोजण्याचे साधन जयपूरच्या जंतरमंतरात, म्हणजे जयसिंहांच्या वेधशाळेत, आजही उभे आहे. बृहत् सम्राट यंत्राची भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे, आणि तिची उतरती कड स्थळाच्या अक्षांशाइतकी, म्हणजे २७ अंशांच्या कोनात, कलती ठेवून ध्रुवाकडे रोखलेली आहे. दोन्ही बाजूंस वर्तुळाचे चतुर्थांश आहेत, त्यांची त्रिज्या पंधरा मीटरांहून किंचित अधिक; त्यांच्या संगमरवरी काठावर दोन-दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा कोरल्या आहेत. निरभ्र दिवशी सकाळी त्या काठाशी उभे राहिले असता सावली चालताना दिसते, आणि हे ‘दिसते’ अक्षरशः खरे आहे: सेकंदाला एक मिलिमीटर, मिनिटाला साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे चार बोटे. मात्र सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब असल्यामुळे सावलीची कड काही सेंटीमीटर अंतरात विरघळत जाते, आणि त्या धूसर पट्ट्यात खरी रेषा कोणती हे ठरविण्यास कसलेली नजर लागते. ही छाया जयपूरची स्वतःची वेळ दाखविते. आपले मनगटी घड्याळ मात्र ८२.५ अंश रेखावृत्ताची, म्हणजे सबंध देशासाठी ठरविलेली प्रमाणवेळ दाखविते. म्हणून छायेच्या वेळेत सुमारे सत्तावीस मिनिटे मिळवावी लागतात, आणि पृथ्वीच्या कक्षेमुळे वर्षभर बदलणारी आणखी एक दुरुस्ती करावी लागते. ती धरून नोव्हेंबराच्या आरंभी हा फरक दहा मिनिटांवर येतो तर फेब्रुवारीत एकेचाळीस मिनिटांपर्यंत जातो.

जयसिंहांना लिस्बनची कोष्टके कशासाठी हवी होती हे आता स्पष्ट व्हावे, आणि ती पाहून त्यांची निराशा का झाली हेही. ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंद आहे की, युरोपीय कोष्टकांवरून काढलेले चंद्राचे स्थान प्रत्यक्ष वेधाशी ताडून पाहिले तेव्हा त्यात अर्ध्या अंशाची चूक आढळली, आणि ग्रहणांच्या वेळांत पाव घटकेची, म्हणजे पंधरा पळांची. पंधरा पळे म्हणजे सहा मिनिटे. सहा मिनिटे म्हणजे रेखांशाचा दीड अंश, आणि जयपूरच्या अक्षांशावर दीड अंश म्हणजे जवळजवळ दीडशे किलोमीटर. एवढ्या चुकीच्या आधारावर नगराचे स्थान ठरविले तर जयपूर अजमेरच्याही पलीकडे जाऊन पडेल. राजाने वर्षांचा काळ व खजिन्यातील द्रव्य खर्चून आणविलेल्या कोष्टकांविषयी त्याच्याच ग्रंथात इतका निःस्पृह अभिप्राय नोंदविलेला असावा, ही गोष्ट मला त्याच्या सर्व बांधकामांइतकी थोर वाटते. १७३४ मध्ये चंद्रनगरहून बूदिये व पाँस हे दोन फ्रेंच जेझुइट जयपुरास आले ते वाटेतील गावांचे अक्षांश-रेखांश मोजीतच आले. गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे दुर्बिणीतून पाहून रेखांश ठरविण्याची रीत तोवर युरोपात रुळली होती, आणि ते चार उपग्रह स्वतः जयसिंहांच्या मंडळींनीही पाहिले होते. आता उपग्रह म्हणजे माणसाने सोडलेले, आणि त्यांच्या घड्याळांवरून विमान आपले स्थान काही मीटरांच्या आत जाणते.

अंतराचे दफ्तर येथे मिटवून आता काळाकडे वळू. मोठे प्रवासी विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. तेथील हवेचे तापमान शून्याखाली पन्नास अंशांहून अधिक असते, त्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरांच्या आसपास येतो, आणि त्याच्या चार-पंचमांशापलीकडे जाऊ लागले की पंखांवरील प्रवाह बिघडून इंधनाचा खर्च बेसुमार वाढतो. म्हणून गेल्या साठ वर्षांत विमाने अधिक सुखाची व किफायतीची झाली तरी अधिक वेगवान झालेली नाहीत. या वेगाने जयपूर ते लिस्बन थेट विमान असते तर नऊ तास लागले असते. पण हा वेग हवेच्या सापेक्ष असतो, आणि हवा स्वतः चालत असते. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावरून, सुमारे बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे ही नित्याची बाब आहे. पश्चिमेस निघालेल्या विमानाला ते समोरून अडवितात व परतणाऱ्यास पाठीमागून रेटतात. त्यामुळे जाताना दहा तास होतील तर येताना पावणेनऊ. रस्ता तोच, विमान तेच. मोसमी पाऊस सुरू होण्याच्या सुमारास हा पश्चिमी झोत हिमालयापलीकडे सरकतो, आणि दक्षिण भारतावर उलट दिशेचा, पूर्वेकडून वाहणारा झोत प्रकट होतो, ज्याचा अभ्यास भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात केला. जहाजांच्या काळी मोसमी वारा बंदरे उघडीत व मिटीत असे. विमानांच्या काळी तो वेळापत्रकातील अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे करतो.

प्रत्यक्षात जयपूर-लिस्बन थेट सेवा नाही. दुबईमार्गे गेले तर २,०५० आणि ६,१४० अशी दोन अंतरे मिळून सुमारे ८,१९० किलोमीटर होतात, म्हणजे महावृत्ताहून चारशेवीस किलोमीटर, अर्थात पाच टक्के अधिक. एवढी वाढ सोसण्याजोगी आहे. खरा काळ जातो तो दोन विमानांच्या मधल्या प्रतीक्षेत, आणि तिकिटावर छापलेला वेळ चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंतचा असल्याने धावपट्टीकडे सरकणे, रांगेत उभे राहणे, उतरण्याची आज्ञा मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणे हे सर्व त्यात जमा होते. शिवाय आकाशालाही सरहद्दी आहेत. वर वर्णिलेल्या दोऱ्याच्या वाटेने निघालेले विमान अर्ध्या-पाऊण तासात पाकिस्तानच्या हवाई हद्दीत शिरेल. ती हद्द बालाकोटवरील भारताच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ या मुदतीत बंद होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. तेव्हा भारतीय कंपनीचे विमान गुजरातवरून अरबी समुद्रावर येऊन मगच पश्चिमेस वळते. जयसिंहांच्या मंडळीला प्रथम दक्षिणेस, समुद्राकडे जावे लागले होते. कारणे सर्वस्वी निराळी, पण वळण त्याच बाजूचे.

जयपूरच्या विमानतळास या विषयात आणखी एक विशेष स्थान आहे, ज्याचा अनुभव हिवाळ्यात अनेकांना येतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर दाट धुके उतरले की दिल्लीकडे येणारी विमाने जयपूरकडे वळविली जातात. दिल्ली-जयपूर हवाई अंतर अवघे २३० किलोमीटर. युरोपातून सात हजार किलोमीटर आठ तासांत तोडून आलेला प्रवासी पहाटे सांगानेरला विमानातच बसून असतो, बाहेर पिवळ्या दिव्यांखाली इंधनाची गाडी एका विमानाकडून दुसऱ्याकडे जाते, वैमानिकाच्या कामाची कायदेशीर मुदत संपत आलेली असते, आणि उरलेल्या त्या २३० किलोमीटरांना कधीकधी मूळ प्रवासाच्या निम्मा वेळ लागतो. उन्हाळ्यात उलट तऱ्हा. समुद्रसपाटीपासून ३८५ मीटर उंचीवरील हे ठिकाण दुपारी ४५ अंशांपर्यंत तापले की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, आणि त्याच वजनाच्या विमानाला अधिक लांब धावावे लागते.

आता राहिली घड्याळे. समजा हिवाळ्यात प्रवासी सकाळी दहा वाजता जयपुराहून निघाला. साडेतीन तासांनी तो दुबईस उतरतो तेव्हा तेथे दुपारचे बारा वाजलेले असतात. तीन तास थांबून, आठ तास उडून तो लिस्बनला पोहोचतो तेव्हा तेथे संध्याकाळचे सात वाजलेले, आणि जयपुरात मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात. प्रवास झाला साडेचौदा तासांचा, तिकिटावर वरवर दिसतो नऊ तासांचा. दोन्ही देशांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेचारांचा, कारण पोर्तुगाल आपली घड्याळे एक तास पुढे करतो. सूर्याच्या हिशेबाने, ८४ अंश ५७ कलांना प्रत्येकी चार मिनिटे धरून, खरा फरक पाच तास चाळीस मिनिटांचा आहे. चाळीसाव्या अक्षांशाच्या आसपास पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,२८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो, आणि विमान त्याच्या दोन-तृतीयांश वेगाने पश्चिमेकडे धावत असते; म्हणून खिडकीतून पाहणाऱ्याला सूर्य नेहमीच्या एक-तृतीयांश गतीने उतरताना दिसतो, आणि दुपार लांबतच जाते.

मराठी वाचकाला लिस्बनपेक्षा पुणे अधिक जवळचे, म्हणून त्या जोडीचाही हिशेब मांडतो. पुणे ते जयपूर हवाई अंतर सुमारे ९४० किलोमीटर. मार्ग जवळजवळ उत्तर दिशेचा, त्यामुळे महावृत्त आणि नकाशावरची सरळ रेघ यांत भेद राहत नाही, घड्याळ बदलावे लागत नाही, झोतवारा लागला तर बाजूने लागतो, आणि दोन तासांच्या आतबाहेर विमान पोहोचते. १७३५ च्या आरंभी बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई तीर्थयात्रेस याच दिशेने निघाल्या होत्या. वाटेत बऱ्हाणपूर, उदयपूर, नाथद्वारा अशी ठिकाणे करीत पावसाळ्याच्या सुमारास त्या जयपुरास आल्या, म्हणजे आजच्या दोन तासांना तेव्हा चार-एक महिने लागले. पण तो काळ नुसता रस्त्याने खाल्लेला नव्हता. प्रत्येक दरबारात पेशव्यांच्या मातोश्रींचा सन्मान होत होता, त्या सन्मानातून मराठ्यांच्या सत्तेला उत्तरेत मान्यता मिळत होती, आणि जयसिंहांनी जयपुरात त्यांचा मुक्काम मोठ्या आदराने ठेवून घेऊन पुढच्या वाटेचा बंदोबस्तही करून दिला. तेथून त्या मथुरा, प्रयाग, काशी, गया अशी यात्रा पुरी करून १७३६ मध्ये पुण्यास परतल्या. आणि त्याच वर्षाच्या आरंभी किशनगडजवळ बाजीराव व सवाई जयसिंह यांची समक्ष भेट झाली.